साध्या पिशवीतला पाव

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत राग लिहायला रकाना नाही, म्हणून ही वही विकत आणली. तिथे तापमान, वजन, वेळ आणि शेवटी सही. सही साहेबांची. सव्वीस वर्षं आकडे मी भरतेय आणि सही करणारे साहेब बदलतायत. माझं नाव कुठे बघायचं असेल तर पगाराच्या यादीत बघावं लागतं.

आज साहेबांनी बोलावून सांगितलं, "बाई, मालकांनी अठ्ठावीस तारीख दिलीय. तोवर फिल्मचा ठोस निकाल हवा. नाहीतर हे काम बंद, आणि खोली गोदामाला जाईल."

"आणि मी?"

"तुम्हाला मालाच्या तपासणीत बसवू. तुमची दोनच तर वर्षं राहिलीत."

हे "दोनच तर" त्यांनी असं म्हटलं की जणू मी अर्धी घरी गेलेच आहे. मी म्हटलं, निकाल मिळेल. ते म्हणाले, मिळाला तर चांगलंच आहे. मग फोन उचलला, म्हणजे मी जायचं.

ही फिल्म मुळात आमच्या इथल्या पीएच.डी. डॉक्टरीणबाईंची. हुशार मुलगी, दोन वर्षं होती, मग मोठ्या कंपनीत गेली. कोळंबीच्या टरफलांची पूड, स्टार्च, गव्हाच्या काडाचा बारीक तंतू आणि लवंगेचं तेल. हे सगळं एकत्र करून काचेवर ओतायचं आणि वाळवायचं, की पिवळसर, पातळ पापुद्रा निघतो. त्यात पाव गुंडाळला तर बुरशी धरत नाही, आणि पापुद्रा फेकला तर मातीत विरतो. कागदावर सगळं छान होतं. प्रत्यक्षात त्यांची फिल्म वाळली की तडकायची. त्या गेल्यावर आठ महिने मी ग्लिसरीन कमी-जास्त करत बसले आणि वाळवण्याची आच उतरवत चाळीस अंशांवर आणली. आता तिची हातरुमालासारखी घडी होते. अहवालावर अजून डॉक्टरीणबाईंचंच नाव आहे. त्यांना मी दोष देत नाही. ज्यांनी नाव बदललं नाही त्यांना देते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दिवसभर फिल्म सोडवली. काचेच्या कोपऱ्यात ब्लेडचं टोक घालायचं, नखाएवढा भाग उचलायचा आणि मग श्वास रोखून ओढायचं. चाळीस काचांवरच्या फिल्मांपैकी दोनच फाटल्या. साहेब दारातून डोकावले, नाकाला रुमाल लावला आणि गेले. एवढं काय आहे त्या वासात कोण जाणे. मला तर काही येत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

साठ पाकिटं भरली. तीस आमच्या फिल्मची, तीस बाजारात मिळते तसल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीची. पाव एकाच घाण्यातला, बेकरीवालीनं सकाळी स्वतः आणून दिलेला. ही बाई नवरा गेल्यापासून एकटी बेकरी चालवते, आणि आमची फिल्म जमली तर पहिली मागणी तिची आहे. जाताना म्हणाली, "ताई, माझा पाव चौथ्या दिवशी हिरवा होतो. दोन दिवस जास्त टिकला तरी मी तुमचे पाय धरीन."

"पाय राहू दे, ऑर्डर दे," मी म्हटलं.

जानेवारीत उघड्या मांडणीवर छोटी चाचणी केली होती, तेव्हा साध्या पिशवीला चौथ्या दिवशी बुरशी आली होती आणि फिल्मला अकराव्या. ह्या वेळी साहेबांना सगळं नेमकं हवं. म्हणून साठही पाकिटं तापमानाच्या कपाटात, पंचवीस अंशांवर.

पाकिटं लावतेय तोच शाईवाला आला. हा शेजारच्या छपाई विभागाचा मुख्य. बोटं कायम निळी, म्हणून मी त्याला मनात शाईवाला म्हणते. समोर भाऊ म्हणते. "बाई, तुमच्या लवंगेनं माझा कागद नासतोय. काल एका गिऱ्हाइकानं विचारलं, चॉकलेटच्या वेष्टनाला दाताच्या दवाखान्याचा वास का येतो."

साहेब लगेच त्याच्या बाजूनं. कपाटाच्या दाराला रबराची पट्टी लावा, वास बाहेर येता कामा नये. मी चरफडत चारी बाजूंनी पट्टी लावली, वर चिकटपट्टीही मारली. आता त्यातून मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर येणार नाही. बसा म्हणावं आता चॉकलेट हुंगत.

सोमवार, १० फेब्रुवारी

चौथा दिवस. फिल्ममधला पाव स्वच्छ. मी खूश होते, मग साध्या पिशव्या बघितल्या. त्याही स्वच्छ. तीसच्या तीस. भिंग लावून पाहिलं, एक ठिपका नाही.

एखाद दिवस मागेपुढे होतं. उद्या येईल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काही आलं नाही. सहा दिवस झाले. साध्या पिशवीतला साधा पाव, आणि कालच भाजल्यासारखा तोंड वर करून बसलाय. मला तो पाव आवडेनासा झालाय.

कपाटाच्या खालच्या फळीवर चहासाठी कापलेलं अर्धं लिंबू सापडलं. चाचणी लावायच्या दिवशी घाईत तिथेच राहिलं होतं. एरवी तीन दिवसांत त्याच्यावर केस उगवतात. हे सुकलं होतं, पण पिवळंच्या पिवळं. म्हणजे कपाट मी किती स्वच्छ ठेवते ते बघा. कपाटात दोष नाही, हे तरी सिद्ध झालं.

मग दोष कुणाचा? खोलीची दुसरी किल्ली शाईवाल्याकडे असते. बुरशी आलेली साधी पाकिटं काढून ताजा पाव भरला तर कुणाला कळणार? खोली गोदामाला गेली की त्याच्याच कागदाची सोय. मला आधीच कळायला हवं होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल संध्याकाळी निघण्याआधी प्रत्येक पाकिटाच्या बंद तोंडावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका ठेवला होता. पण सकाळी तो बघण्याइतका धीर मला कुठला. जेवणाच्या सुट्टीत शाईवाला समोर आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊ, पाव बदलताना निदान हात तरी धुवायचे. निळी बोटं उमटतील."

त्याला काही कळलं नाही. मी समजावून सांगितलं, मोठ्यानं. तीस-चाळीस माणसं जेवत होती, सगळ्यांचे घास थांबले. तो उठला, ताट तसंच ठेवलं आणि गेला. एक शब्द बोलला नाही. चोर असता तर बोलला असता, असं आता घरी बसून वाटतंय. पण तेव्हा वाटलं, बरी जिरवली.

सुट्टी संपल्यावर कपाट उघडलं. साठच्या साठ ठिपके जागेवर. एकही पाकीट कुणी उघडलेलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

साहेबांनी कपाटासमोर उभं राहून मोजलं. नववा दिवस. फिल्म, बुरशी शून्य. साधी पिशवी, बुरशी शून्य.

"बाई, दोन्हीकडे सारखंच आहे. मग जास्त पैसे देऊन तुमची फिल्म कोण घेईल? पाच पैशांची पिशवी तेच काम करतेय."

"करत नाही. जानेवारीत केलं नव्हतं."

"जानेवारीत तीन-चार पाकिटं होती. त्याला चाचणी म्हणत नाहीत." ते वाईट माणूस नाहीत. चेहरा पाडून म्हणाले, "मी सोमवारी अहवाल लिहायला घेतो. फरक आढळला नाही, एवढंच लिहीन. तुमच्यावर काही येणार नाही."

माझ्यावर कधी काही येत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मी म्हटलं, अहवाल अठ्ठाविसाला द्यायचाय ना, मग सोमवारी कशाला घाई? ते म्हणाले, बाई, आता हट्ट सोडा. मी म्हटलं, हट्ट सोडायचा रकाना माझ्या वहीत नाही. बोलून गेले. त्यांना हसू आलं, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

घरी ह्यांनी विचारलं, झालं का काही? ह्यांनी तीस वर्षं बस चालवली, आता स्वयंपाकघर चालवतात, आणि दोन्हीकडे बोलणं कमी. मी म्हटलं, जेवायला वाढा. चाचणीच्या उरलेल्या पावाचे तुकडे भाजून त्यांनी ताटात वाढले. महिनाभर हेच खातायत, कुरकुर नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पाव बदलला नाही, कपाट स्वच्छ. मग उरला पाव. बेकरीवालीनं टिकण्यासाठी त्यात काहीतरी घातलं असणार, आपला पाव प्रयोगात चांगला दिसावा म्हणून. दुपारी अर्धी सुट्टी टाकून, एक साधं पाकीट पिशवीत घालून तिच्याकडे गेले आणि तोंडावर विचारलं.

तिनं पिठाचे हात कमरेवर ठेवले. "ताई, माझ्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर. पाचवी वस्तू निघाली तर हे दुकान तुमचं."

मागच्या फडताळातून तिनं एक पाव काढून आपटला. सहा तारखेच्याच घाण्यातला, परत आलेला, कोंबड्यांना टाकायला ठेवलेला. नुसता हिरवा नाही, काळाही झाला होता. 

मग तिनं माझ्या हातातलं पाकीट घेतलं, फोडलं आणि मी अडवायच्या आत त्यातला तुकडा तोंडात टाकला. चावला. माझ्याकडे बघितलं.

"हा तुमच्या फिल्ममधला."

"नाही. हा साध्या पिशवीतला."

"मग ह्याला लवंगेची चव कशी?"

हे जरा अतीच झालं. माझ्या हातांना वास असतो हे मला सगळे सांगतात, तो पाकिटाला लागला असणार. तेही तिनं टोमण्यासारखं सुनवावं? मी भेसळीचा आळ घेतला, तिनं हाताच्या वासाचा घेतला, फिटंफाट. तरी मी परत निघताना ती म्हणाली, "ताई, एक सांगू? मनुकांच्या पावाला ही चव लई झकास लागेल." मी पिशवी उचलून चालू लागले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी हे कपाटासमोर शर्ट हातात धरून उभे. "अगं, रागावू नकोस. तुझा ॲप्रन आपल्या कपड्यांच्या कपाटात नको लावूस."

"का?"

"काल लग्नाला जायचा सूट काढला. वर्षभर प्लॅस्टिकच्या खोळीत होता. तरी त्याला लवंगेचा वास. मित्र विचारतात दाढ दुखते का. मी वर्षभर हो म्हणतोय."

मी चिडून म्हटलं, खोळीत होता तर वास जाईल कसा? ते म्हणाले, "ते तुला माहीत. बंद कपाट आहे, जातो खरा."

मी तिथेच पलंगावर बसले. ते घाबरले, पाणी आणलं.

बंद कपाट. रबराची पट्टी, वर चिकटपट्टी. तीस फिल्मांमधून बारा दिवस तेलाची वाफ निघतेय आणि बाहेर जायला जागा नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून आत गेली. पावात गेली. लिंबात गेली. साध्या पाकिटांना वाचवलं ते माझ्याच फिल्मनं. जिला हरवायचं तिलाच ती पाठीशी घालत बसली होती, आणि दोघींना एका खोलीत कोंडलं मी.

सव्वीस वर्षं काम करून ही चूक. पहिल्या वर्षाच्या मुलीनंसुद्धा वास घेऊन सांगितलं असतं. माझं नाक ह्या तेलानं कधीच मारून टाकलंय आणि मी ऐटीत म्हणत होते, मला तर काही येत नाही. लाज वाटली. खूप वाटली. हे लिहून ठेवते, नाहीतर नंतर मी ते विसरल्याचं सोंग करीन.

पण फिल्म चालते. नुसती चालत नाही, शेजारच्याचंही भलं करते. हे कळल्यावर लाज जरा बाजूला सरकली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

अठ्ठावीसपर्यंत नऊ दिवस. साध्या पिशवीला चार पुरतात. पण दोन गट वेगळ्या खोल्यांत हवेत आणि तापमान तेच हवं. साहेबांना सगळं सांगितलं.  "पट्टी मी लावायला लावली," म्हणाले. मग म्हणाले, दुसरं कपाट नाही, मागवलं तर दोन महिने. अख्ख्या इमारतीत पंचवीस अंश राखणारी दुसरी जागा एकच, छपाईचं कागदाचं कोठार.

म्हणजे शाईवाल्याचं.

खोलीत गाठून हळूच माफी मागता आली असती. पण शिव्या चारचौघांत घातल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलापाशी उभी राहिले आणि त्याच आवाजात म्हटलं, "भाऊ, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. तुम्ही पावाला हात लावला नव्हता. चूक माझी होती आणि ती मी इथेच केली, म्हणून इथेच सांगतेय."

पुन्हा सगळ्यांचे घास थांबले. त्यानं पाणी प्यायलं. "बसा. काय हवंय?"

"काही हवंय असं कशावरून?"

"बाई, सव्वीस वर्षांत तुम्ही कधी कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नाही. काहीतरी मोठंच हवं असणार."

सांगितलं. कोठारात एक फळी, नऊ दिवस. त्यानं भुवया चढवल्या. "लवंग माझ्या कागदाजवळ? मी मेलो तरी नाही."

"लवंग नाही. साध्या पिशव्या. लवंगेचं एक पाकीटही तिथे येता कामा नये, हीच तर अट आहे. तुम्ही आणू दिलं नाहीत तरच चाचणी खरी."

तो हसला. तेरा तारखेपासून पहिल्यांदा. "म्हणजे राखण मी करायची."

"तुमच्याइतका लवंगेचा शत्रू मला कुठे मिळणार?"

दुपारी बेकरीवालीकडून ताजा घाणा आणला. तिचीही माफी मागितली, ती आधीच विसरली होती. साध्या पिशव्या तिच्याच दुकानात, तिच्याच हातांनी भरल्या. माझा हात एकीलाही लागला नाही. त्या शाईवाल्यानं नेल्या. नेण्याआधी एक-एक हुंगली. फिल्मची नवी तीस पाकिटं मी त्यानंतर भरली आणि जुनी काढलेल्या कपाटात लावली. ॲप्रन मी प्रयोगशाळेत टांगून घरी आले.

रविवार, २३ फेब्रुवारी

रविवारी कुणी कामावर जात नाही. मी गेले. शाईवालाही आला होता, मुद्दाम, कोठार उघडायला.

तीसपैकी सतरा पाकिटांवर बुरशी. हिरवी, पांढरी, एकावर तर नारिंगी. मी दाराशीच थांबले, आत जायला मला मनाई आहे. त्यानं एक-एक पाकीट उजेडात धरून दाखवलं, मी आकडा लिहिला. अठराव्यावर तो म्हणाला, हाही धरा, कोपऱ्यात आहे. मी म्हटलं, तो पिठाचा डाग आहे, नका धरू. बुरशी बघून मला रडू येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमच्या फिल्मची पाकिटं कपाटात. तीसच्या तीस स्वच्छ.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आठवा दिवस. साध्या पिशव्या, तीसपैकी तीस. फिल्म, तीसपैकी एक, आणि तिची कड बंद करायचा चिमटा नीट बसला नव्हता. तेही लिहिलं.

संध्याकाळी साहेबांनी अहवाल टाइप करून दाखवला. पहिली चाचणी त्यात नव्हतीच. "गोंधळ कशाला, बाई? दुसरी स्वच्छ आहे. पहिली झालीच नाही असं समजू."

"झाली. ती ठेवा."

"ठेवली तर कारण लिहावं लागेल. दोन्ही गट एकत्र कुणी ठेवले, असं मालक विचारतील."

"मग लिहा, मी ठेवले. पहिल्या चाचणीतच खरा पुरावा आहे, साहेब. बंद पेटीत एक फिल्म असली तर ती बाजूच्या साध्या पाकिटालाही वाचवते. उद्या कुणी अख्ख्या खोक्यात एकच पट्टी टाकेल. ते झाकून ठेवायचं, का तर माझी चूक दिसेल म्हणून?"

"तुमचं नाव पहिल्यांदाच अहवालात येणार आणि तेही चुकीसमोर?"

"चुकीसमोर येऊ दे. पण मग ज्यानं चूक केली त्यानंच निकाल काढला, हेही खाली यायला हवं. अर्धं नाव मी घेणार नाही."

त्यांनी टाइप केलेला कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, रात्रीतून बदलतो. बदलतील का, मला माहीत नाही. नाही बदललं तर उद्या मालकांसमोर पेन मीच काढणार आहे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बदललं होतं. पण "चाचणी करणारी व्यक्ती" ह्या ओळीपुढची जागा कोरीच होती. साहेब म्हणाले, तुमच्या हातानं लिहा. मी दोन्ही ठिकाणी लिहिलं, चुकीबद्दलच्या परिच्छेदाखाली आणि निकालाखाली. दुसऱ्या वेळी सावकाश, एकेक अक्षर. 

मालक वाचायला सावकाश. एक-एक ओळ बोटानं. चुकीबद्दलच्या परिच्छेदापाशी बोट थांबलं.

"कपाट बंद करायला कुणी सांगितलं?"

साहेब बोलायला लागले, पण मी आधी बोलले. "सांगितलं साहेबांनी. दोन्ही गट एकत्र ठेवले मी. सांगणाऱ्यानं वास बाहेर जाण्याचा विचार केला होता, ठेवणारीनं तो आत राहण्याचा करायला हवा होता."

मालकांनी पुढे वाचलं. निकाल, आकडे, आणि तो चिमटा न बसलेला एक. मग कागद साहेबांकडे न देता माझ्याकडे सरकवला. विचारलं, बेकरीसाठी पाचशे पाकिटांची फिल्म हवी असेल तर पहिला घाणा किती दिवसांत निघेल? खोली राहिली असं धरून, म्हणाले. अजून माझं ठरलेलं नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, मी आठवडा मागेन.

मी म्हटलं, "सोमवारी. सकाळी इथे येण्याआधीच प्रयोगशाळेत काचांवर ओतून आलेय."